कांडी आणि माग : पहिल्या गेमिंग कॉम्प्युटरचे पार्ट निवडताना

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. विचारणारा मुलगा जुळे सोलापुरात राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॉनिटर धरून ८० हजारांचं बजेट आहे, त्यातले काही त्याने शिकवण्या घेऊन साठवलेत, बाकीचे वडील देणार आहेत. कॉम्प्युटर त्याला स्वतःच्या हाताने जोडायचाय. एका दुकानातून कोटेशन मिळालंय ते असं : आय-७ १२७०० प्रोसेसर, १६ जीबी रॅमची एकच पट्टी, जीटीएक्स १६५० चार जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅटचा साधा एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा), पुढे पूर्ण काच आणि रंगीत पंखे असलेला कॅबिनेट, ७५ हर्ट्झचा (सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर. खेळायचंय व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि पुढे येतील ते मोठे गेम. शेवटी तो विचारतो, “दादा, आय-७ आहे म्हणजे पाच-सहा वर्षं बघायला नको ना?”

हे कोटेशन घेऊ नकोस. यातला एकही पार्ट खोटा नाही आणि दुकानदाराने फसवलंय असंही मी म्हणत नाही. पण जोडी चुकली आहे. गेली सतरा वर्षं मी सोलापुरात कॉम्प्युटर जोडतोय आणि दुरुस्त करतोय. माझ्या टेबलावर ‘गेम अडकतो’ म्हणून जे कॉम्प्युटर येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच असतं : पैसे जिथे लागायला हवे होते तिथे लागले नाहीत.

आपण सोलापूरकर, म्हणून मागाचंच उदाहरण घेतो. मागावर कापड विणायचं तर आडवा धागा कांडीतून येतो. कांड्या भरणारा हात मागे पडला की माग थांबतो. आणि कांड्यांची टोपली भरून ठेवली, पण माग जुना आणि संथ असला, तर कांड्या नुसत्या पडून राहतात. गेममध्ये नेमकं हेच घडतं. समोरचा खेळाडू कुठे आहे, गोळी कुठे लागली, कोणती वस्तू कुठे दाखवायची, हा सगळा हिशोब प्रोसेसर करतो आणि प्रत्येक फ्रेमची, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राची, ऑर्डर ग्राफिक्स कार्डाला देतो. कार्ड ते चित्र विणतं. सेकंदाला किती फ्रेम दिसणार हे दोघांतला जो संथ तो ठरवतो. तुझ्या कोटेशनमधला १२७०० हा बारा कोअरचा (कोअर म्हणजे हिशोब करणारा हात), जोरदार कांड्या भरणारा प्रोसेसर आहे आणि जीटीएक्स १६५० हा २०१९ सालचा छोटा माग. व्हॅलोरंट त्यावर चांगला चालेल, ते मी नाकारत नाही. पण नव्या मोठ्या गेममध्ये तो प्रोसेसर निम्मा वेळ हातावर हात ठेवून बसेल आणि तू सेटिंग खाली-खाली आणत राहशील.

म्हणून निवड प्रोसेसरपासून सुरू करायची नाही. कार्डापासूनही नाही. सुरुवात मॉनिटरपासून करायची.

याचं कारण साधं आहे. १९२० × १०८०च्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेममध्ये सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके रंगवावे लागतात. २५६० × १४४०च्या मॉनिटरवर सुमारे ३६ लाख ८६ हजार, आणि फोर-केला जवळजवळ ८३ लाख. हे काम वाढतं ते कार्डाचं, प्रोसेसरचं फारसं नाही. उलट मॉनिटर ६० हर्ट्झवरून १४४ हर्ट्झचा घेतलास की प्रोसेसरवर भार येतो. ६० फ्रेमला प्रत्येक फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ला जेमतेम ६.९. तेवढ्यात हिशोब संपवून पुढची ऑर्डर द्यायची असते. ठिपके वाढले की कार्ड दमतं, हर्ट्झ वाढले की दोघंही दमतात आणि त्यात प्रोसेसरची दमछाक पहिल्यांदा उघडी पडते. त्यामुळे मॉनिटर ठरल्याशिवाय ‘हा प्रोसेसर या कार्डाला पुरेल का’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. इंटरनेटवर दोन नावं टाकली की ‘बॉटलनेक (एका पार्टमुळे दुसरा अडणं) अमुक टक्के’ सांगणारी कॅल्क्युलेटर आहेत, त्यांच्यावर निर्णय घेऊ नकोस. तीच जोडी व्हॅलोरंटमध्ये प्रोसेसरवर अडते आणि एखाद्या जड गेममध्ये कार्डावर. एक आकडा दोन्हींना कसा लागू पडेल?

तुझ्या बजेटला २४ इंची, १०८०पी (१९२० × १०८०), आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिलं तरी रंग नीट दिसणारा), १४४ किंवा त्याहून जास्त हर्ट्झचा मॉनिटर योग्य आहे. १४४०पीचा मोह होईल. पण तो मॉनिटर परवडला तरी त्याला पोसणारं कार्ड या पैशांत बसत नाही. घरातला टीव्ही जोडू असाही विचार डोक्यात आला असेल. वर्षभरासाठी चालेल, पण साधा टीव्ही ६० हर्ट्झचा असतो आणि माऊस हलवल्यावर चित्र हलायला उशीर लागतो. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये तो उशीर हाताला जाणवतो.

आता कार्ड. मॉनिटर बाजूला ठेवून जे पैसे उरतील, त्यातले ३८ ते ४० टक्के एकट्या कार्डाला दे. वाचून दचकशील, पण गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये हाच माग आहे. आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०, रेडिऑनमध्ये आरएक्स ७६००, हात आखडता घ्यावा लागला तर आरएक्स ६६००. या गटातलं जे त्या आठवड्यात रास्त भावात मिळेल ते घे. ही सगळी ८ जीबी मेमरीची कार्डं आहेत. १०८०पीला ८ जीबी आज चालते. काही नव्या गेममध्ये मात्र टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाची बारकाई, एक पायरी खाली आणावं लागतं, हे आधीच माहीत असू दे. थोडे पैसे वाढवून आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबी मॉडेल बसत असेल तर मी स्वतः तिकडे झुकेन. ते घेताना खोक्यावरचा आकडा दोनदा वाच, कारण त्याच नावाने ८ जीबीचंही मिळतं.

मेमरीच्या आकड्यावर कार्डाची ताकद मोजू नकोस, हे कळकळीने सांगतो. ‘चार जीबी ग्राफिक्स कार्ड’ म्हणून अजूनही जीटी ७३० विकलं जातं. ते २०१४ सालचं आहे. त्यावर मेमरी कितीही चिकटवली तरी विणणारा हात तोच राहतो. तसंच नुसतं ‘आय-७’ असं लिहिलेलं काहीही घेऊ नकोस. आय-७ ३७७० हाही आय-७च, पण २०१२चा, चार कोअरचा. नावातला पहिला आकडा दर्जा सांगतो, पुढचे आकडे पिढी सांगतात. भाव पिढीचा करायचा.

जुनं कार्ड घ्यायला माझी हरकत नाही, अट एकच : ते तुझ्या डोळ्यांसमोर अर्धा तास जड गेम चालवून दाखवलं पाहिजे. पहिल्याच कॉम्प्युटरला मात्र बिलाचं नवीन कार्ड घे, असं मी सांगेन. काही बिघडलं तर दोष कार्डात आहे की तुझ्या जोडणीत, हे ओळखायला अजून तुझा हात बसलेला नाही.

प्रोसेसरचं काम त्यामानाने सोपं आहे. सहा कोअर, बारा थ्रेड (एका कोअरवर एकाच वेळी चालणारी दोन-दोन कामं). बस. रायझन ५ ५६००, आय-५ १२४००एफ, आणि जरा वर रायझन ५ ७६००. या तिन्हींपैकी कोणताही वरच्या कार्डांना पुरून उरतो. १२७००मध्ये जास्तीचे कोअर आहेत ते व्हिडिओ एडिटिंगला कामाला येतात, गेमला त्यांचा उपयोग थोडा. शिवाय तो जोरात असताना १८० वॅटपर्यंत ओढतो. स्वस्त बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर सगळे पार्ट बसतात), सोबत आलेला छोटा पंखा आणि मे महिन्यातलं सोलापूर, असं तिन्ही एकत्र आलं की तो स्वतःच वेग कमी करून घेतो. म्हणजे आय-७चे पैसे मोजून काम आय-५चं.

नावामागच्या अक्षरांकडे लक्ष दे. इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नसते. कार्ड बिघडून वॉरंटीला गेलं की कॉम्प्युटर सुरू होऊनही मॉनिटर काळाच राहतो. रायझन ५६००चंही तसंच. ७६००मध्ये मात्र छोटी ग्राफिक्स सोय आहे, गेमसाठी नाही, पण कॉलेजचं काम थांबत नाही. आणि ५६००जी हा ५६००चा भाऊ वाटला तरी कार्ड लावणार असशील तर घेऊ नकोस. त्यात कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) निम्मी म्हणजे १६ एमबी आहे, आणि तो पीसीआय एक्सप्रेसच्या (प्रोसेसर आणि कार्डामधल्या वाटेच्या) तिसऱ्या पिढीवर थांबतो. कार्ड नंतर घेणाऱ्यांसाठी तो बरा.

मग ५६०० की ७६००? ५६०० जुन्या एएम४ सॉकेटवर (बोर्डावरची प्रोसेसरची बैठक) बसतो आणि डीडीआर४ म्हणजे आधीच्या पिढीची रॅम घेतो. ती वाट आता संपत आली आहे. पुढे प्रोसेसर बदलायचा झाला तर त्याच सॉकेटवर फार पर्याय उरणार नाहीत. ७६०० एएम५वर बसतो, त्याला डीडीआर५च लागते, आणि हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालू ठेवणार असं एएमडीने जाहीर केलंय. दोन वर्षांपूर्वी मी डोळे झाकून ७६०० सांगितला असता. पण २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि त्याची झळ आपल्यापर्यंत आली. त्यामुळे दोन्ही संचांची बेरीज त्या दिवशी कागदावर मांड : प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम, तिन्ही मिळून. फरक इतका निघाला की कार्डाची एक पायरी खाली यावं लागतंय, तर ५६०० घे आणि कार्ड वरचं ठेव. फरक किरकोळ असेल तर ७६००.

रॅममध्ये तुझ्या कोटेशनमधली सगळ्यात स्वस्तात सुधारणारी चूक आहे. १६ जीबीची एक पट्टी नको, ८-८च्या दोन घे. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो, एक असली की एकाच वाटेने. गेल्या वर्षी एक मुलगा नेमका असाच कॉम्प्युटर घेऊन आला होता. ५६००, चांगलं कार्ड, रॅमची एक पट्टी. सरासरी फ्रेम बरी दिसायची, पण गर्दीत शिरला की चित्र हिसके द्यायचं. मी दुसरी तशीच पट्टी लावून तोच गेम, तोच रस्ता पुन्हा चालवायला दिला. हिसके जवळजवळ गेले. तो कार्ड बदलायच्या विचारात होता.

पट्ट्या लावायच्या त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, बोर्डाला चार खाचा असतील तर. आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करायचं. ते केलं नाही तर ३६००ची रॅम २१३३ किंवा २४००वरच चालत राहते. वर्षानुवर्षं असे चालवलेले कॉम्प्युटर मी पाहिलेत. डीडीआर४ला ३२०० ते ३६००, रायझनच्या डीडीआर५ला ६०००चा वेग बघ. त्याहून महागाच्या रॅमला दिलेले पैसे कार्डाकडे वळव.

बोर्डावर फार वेळ घालवू नकोस. एएम४ला बी५५०, एएम५ला बी६५०, १२४००एफला बी६६० किंवा बी७६०. एकच बारीक गोष्ट सांगतो, ती कुणी सांगत नाही. ४०६०, ५०६०, आरएक्स ६६००, ७६०० ही सगळी कार्डं सोळापैकी आठच लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतात. ए५२० किंवा बी४५० बोर्डावर पीसीआय एक्सप्रेसची तिसरी पिढी आहे, म्हणजे तिथे वाट अरुंद होते. कार्डाची मेमरी भरली की त्याचा फटका दिसतो. शिवाय जुना बी४५० घेतलास आणि त्याचं बायोस जुनं निघालं, तर ५६०० बसवूनही काही दिसणार नाही. दुकानातूनच बायोस अपडेट करून घे.

आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लिहायला बसलो तो पार्ट : एसएमपीएस.

गेम खेळताना तुझा कॉम्प्युटर ओढणार किती? ४०६० धरलं तर ११५ वॅट. ५६०० वर ‘६५ वॅट’ लिहिलेलं असतं, पण भरात असताना सॉकेटमधून त्याहून जास्त घेतो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासेक. म्हणजे अडीचशे ते पावणेतीनशे वॅट. मग कोटेशनमधला ५०० वॅटचा एसएमपीएस का नको? कारण तो ५००चा नसतोच. त्याच्या अंगावरचं लेबल वाच. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. १२ व्होल्टच्या रकान्याखाली १८ ॲम्पिअर लिहिलेलं असेल, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. बाकीची बेरीज ३.३ आणि ५ व्होल्टची, जी तुझ्या कार्डाच्या काही कामाची नाही. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटवर तिथे ४५ ॲम्पिअरच्या आसपास लिहिलेलं दिसेल. काउंटरवर उभं राहून हा एक गुणाकार कर, तेवढ्याने निम्मी निवड होते.

दुसरं बघायचं ते तापमान. चांगले बनवणारे स्पष्ट लिहितात की हे वॅट ४० अंशाला दिलेत की ५० अंशाला. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे वाचायची गरज वाटत नसेल, आपल्याला आहे. एप्रिलच्या शेवटी बाहेर ४२-४३ अंश असतात. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत संध्याकाळीही ३७-३८ असतात, आणि कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. ५० अंशाला पूर्ण वॅट देणारा, ५५० वॅटचा, पाच वर्षं वॉरंटीचा एसएमपीएस घे. ८० प्लसचा ब्राँझ किंवा गोल्ड शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. शॉर्ट झालं, व्होल्टेज उसळलं तर युनिट वेळेवर बंद होईल का, याची खात्री तो शिक्का देत नाही. म्हणून शिक्क्यावर विसंबून अनोळखी नावाचा घेऊ नकोस.

काही वर्षांपूर्वी वळवाच्या पावसात एका घरी लाईट जाऊन आली आणि एसएमपीएस गेला. स्वस्तातला होता. जाताना बोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन गेला. मुलाने ते कार्ड वर्षभर पैसे साठवून घेतलं होतं. मी त्याच्यासमोर दोन वेळा तपासलं, तिसऱ्यांदा दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं. त्याचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी साध्या एसएमपीएसवर ग्राफिक्स कार्ड जोडून देत नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी.

याच्याच जोडीला घरचं अर्थिंग तपास. पेठांतल्या जुन्या घरांत तीन पिनचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, त्या याच. इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये किती व्होल्ट येतात ते बघायला सांग. दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. आणि फेज-अर्थमध्ये पूर्ण व्होल्टेज दिसलं पाहिजे, नाहीतर अर्थ जोडलेलंच नाही. स्टॅबिलायझरची गरज नाही, चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टमध्ये स्वतः सांभाळून घेतो. यूपीएस घ्यायचा तर सगळीकडे मिळणारा ६०० व्हीएचा घेऊ नकोस. तो खरा ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून त्याच्या फार जवळ जातात, लाईट गेली की तोही ओरडून बंद पडतो. १००० किंवा ११०० व्हीएचा बघ. हे पैसे ८० हजारांत बसणार नाहीत, दोन महिन्यांनी घे. पण अर्थिंग पहिल्याच दिवशी.

कॅबिनेट. पुढे पूर्ण काच असलेला घेऊ नकोस, तुला कितीही आवडला असला तरी. हवा आत घ्यायला पुढे जाळी हवी. त्या जाळीमागे काढून धुता येईल असा फिल्टर हवा, पुढे दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त असली की फटीफटीतून धूळ ओढली जात नाही, ती फिल्टरवरच अडते.

आपल्याकडे ही धूळ नुसती धूळ नसते. अशोक चौकाच्या बाजूला एका घरी गेलो होतो. वाड्यात खाली यंत्रमाग, वर राहणं. तक्रार अशी की गेम दहा मिनिटं छान चालतो, मग अडकतो. झाकण काढलं. पुढच्या जाळीवर रुईचा थर बसला होता. नखाने कडेला उचलला तर गोधडीच्या तुकड्यासारखा सलग निघून हातात आला, मऊ, राखाडी, जाळीची नक्षी त्यावर उमटलेली. प्रोसेसरच्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये तोच कापूस दाबून बसलेला. पंखा जोरात फिरत होता, पण हवा पलीकडे जातच नव्हती. प्रोसेसर नव्वदीच्या घरात. दोन इंची रंगाच्या कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने साफ केल्यावर त्याच गेममध्ये तो सत्तरच्या आसपास आला आणि अडकणं थांबलं. पार्ट एकही बदलला नाही. जुळे सोलापुरात माग नाहीत, तरी उन्हाळ्यात दर महिन्याला फिल्टर धू. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, हवेने भन्नाट फिरू देऊ नकोस, बेअरिंग जातं.

एसएसडीचं (विंडोज आणि गेम साठवायच्या डिस्कचं) थोडक्यात : १ टीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीची. आजचे मोठे गेम एकेक शंभर जीबीच्या पुढे जातात, ५०० जीबी सहा महिन्यांत भरते. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीची पुरते, सेकंदाला सात हजार एमबीच्या आकड्याला भुलू नकोस. एम.२ या त्याच आकाराच्या साध्या, संथ साटा एसएसडीही मिळतात, खोक्यावर एनव्हीएमई लिहिलंय ते बघून घे.

भाव रोज हलतात म्हणून रुपये न सांगता वाटणी सांगतो. मॉनिटरचे बारा-तेरा हजार बाजूला काढले की उरलेल्यातले कार्डाला ३८ टक्के, प्रोसेसरला १६, रॅमला १४, बोर्डाला १२, एसएसडीला ८, एसएमपीएसला ७, कॅबिनेटला ५. रॅम महाग असल्यामुळे ती १४वर गेली आहे, एरवी दहातच भागायचं. पैसे कमी पडले तर आधी कॅबिनेटची शोभा काप, मग बोर्डातलं वायफाय, मग एसएसडी. कार्ड एक पायरी खाली आणणं हे त्यानंतरचं. एसएमपीएसला हात लावायचा नाही.

घ्यायचं कुठे? नवी पेठेत फिरून दोन-तीन ठिकाणी प्रत्येक पार्टचा वेगळा भाव लिहून घे, ‘सेटचा’ भाव घेऊ नकोस. सेटच्या भावात स्वस्त एसएमपीएस लपतो. पुण्यात किंवा ऑनलाइन हजार-दीड हजार वाचतात हे खरं. पण वॉरंटीला पार्ट बहुतेक वेळा पुण्यालाच जातो, आणि इथून घेतलेला असेल तर तो पाठवायची धावपळ दुकानदार करतो. माझं मत : कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएस इथून, बाकी जिथे स्वस्त तिथून. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर. बिलाशिवाय १८ टक्के वाचतील असं कुणी म्हणालं तर तिथून निघ. ऑनलाइन खोकं फोडताना व्हिडिओ काढ. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरला असतात, एएम५ आणि इंटेलच्या पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये. ज्याला पिना आहेत ते काउंटरवरच उजेडात धरून तिरकं बघ. वाकलेली पिन घरी गेल्यावर दिसली की ती तुझी चूक ठरते.

जोडताना घाई करू नकोस, दुपार मोकळी ठेव. नव्या मुलांच्या हातून होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. कूलरच्या बुडाचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहतं. प्रोसेसरची आठ पिनची वायर आणि कार्डाची आठ पिनची वायर सारखी दिसते, पण सारखी नसते. वायरवर सीपीयू आणि पीसीआय असं लिहिलेलं असतं, ते वाचून लाव, जोर लावून घुसवू नकोस. एसएमपीएस मॉड्युलर (वायरी काढता-घालता येणारा) असेल तर त्याच्याच खोक्यातल्या वायरी वापर. मित्राच्या दुसऱ्या युनिटची वायर बसते, पण आतली रचना वेगळी असते आणि एसएसडी जळते. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला लावायची. विंडोज टाकल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवडायचं, नाहीतर तो ६०वरच चालतो. विंडोज ११च टाक, १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. व्हॅलोरंटला ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरक्षेच्या दोन सोयी) लागतं, ते दोन्ही बायोसमध्ये चालू करून ठेव.

सगळं झाल्यावर आफ्टरबर्नर (कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून गेम खेळताना कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते बघ. फ्रेमला मर्यादा घातलेली नसताना जड गेममध्ये तो ९५च्या पुढे असेल, तर माग पूर्ण चालतोय, जोडी जमली. ६०-७०वर अडकून फ्रेम कमी असतील तर कांडी कमी पडतेय. आधी रॅमच्या पट्ट्या आणि एक्सएमपी तपास, मग प्रोसेसरचं तापमान. व्हॅलोरंटमध्ये मात्र कार्ड ५०-६० टक्क्यांवरच दिसेल आणि फ्रेम दोनशेच्या पुढे असतील. तिथे घाबरायचं कारण नाही, तो गेम प्रोसेसरवरच चालतो.

आणि ७६०० घेतलास तर एक लक्षात ठेव. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि मॉनिटर काळाच राहील. डीडीआर५ पहिल्या वेळी स्वतःला जुळवून घेते, त्याला काही मिनिटं लागतात. काही बिघडलं असं समजून बटण दाबून बंद करू नकोस, वायरी उपसू नकोस. दहा मिनिटं तसाच राहू दे. त्यानंतरही काळाच राहिला तर बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतील, त्यांतला कोणता पेटून राहिलाय त्याचा फोटो काढून मला दाखव.